झटाना वाचायची तर : सुरुवात, क्रम आणि उलटे मंत्र

डीसी कॉमिक्सच्या झटाना या जादूगार नायिकेच्या कथा वाचाव्यात असे एखाद्याच्या मनात आले आणि त्याने पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर तिचे नाव टाकले, तर त्याच्यापुढे एकाच नावाच्या निदान तीन मालिका येतात : १९९३ ची चार अंकांची, २०१० ची सोळा अंकांची आणि २०२५ ची सहा अंकांची. याखेरीज ‘सेव्हन सोल्जर्स’ या मोठ्या प्रकल्पातली २००५ ची चार अंकी ‘झटाना’ वेगळीच. त्यातच तिच्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या दोन घटना तिच्या स्वतःच्या मालिकेत घडलेल्याच नाहीत. एक ‘स्वॅम्प थिंग’ या दलदलीतल्या राक्षसाच्या मासिकात घडली आणि दुसरी एका सामूहिक रहस्यकथेत. त्यामुळे हाताला लागेल तो संग्रह उघडणारा वाचक दहा पानांत गोंधळतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. तसे होऊ नये म्हणून कोठून सुरुवात करावी, मागे कधी वळावे, काय बिनदिक्कत गाळावे आणि तिचे उलट्या अक्षरांतले मंत्र कसे वाचावेत, हे येथे सांगितले आहे.

आधी मोजकी पूर्वपीठिका. झटाना ही झटारा नावाच्या जादूगाराची मुलगी. हा जोव्हानी झटारा वयाने थेट सुपरमॅनच्या बरोबरीचा आहे, कारण जून १९३८ च्या ज्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, त्याच अंकात फ्रेड गार्डिनिअर या चित्रकाराने झटारालाही आणले. डोक्यावर उंच टोपी, अंगात काळा कोट आणि शब्द उलटे उच्चारून केलेली जादू, असा त्याचा थाट होता. इंद्रजाल कॉमिक्सच्या पिढीतल्या मराठी वाचकाला हा थाट ओळखीचा वाटेल, आणि त्याचे कारण सरळ आहे : ली फॉकचा मॅण्ड्रेक १९३४ मध्ये वर्तमानपत्रांत आला आणि त्याच्यामागोमाग अमेरिकी कॉमिक्समध्ये टोपीवाल्या जादूगारांची रांगच लागली, झटारा हा त्या रांगेतलाच एक. पुढे तो मागे पडला आणि १९६४ मध्ये लेखक गार्डनर फॉक्स व चित्रकार मर्फी अँडरसन यांनी ‘हॉकमन’च्या चौथ्या अंकात त्याची मुलगी आणली. बापाची टोपी, बापाचा कोट आणि बापाचीच उलटी भाषा तिने घेतली आणि कीर्तीत त्याला मागे टाकले.

पहिले पुस्तक कोणते

कालक्रमाने १९६४ पासून वाचत येण्याचा मोह टाळावा. पहिले पुस्तक म्हणून २०१० मध्ये सुरू झालेली पॉल डिनी यांची ‘झटाना’ घ्यावी. तिचे सोळा अंक आहेत, आरंभीच्या अंकांची चित्रे स्तेफान रू यांची आहेत आणि संपूर्ण मालिका ‘झटाना बाय पॉल डिनी’ या एकाच जाड संग्रहात मिळते. त्याच संग्रहात डिनी यांचीच २००३ ची ‘एव्हरीडे मॅजिक’ ही सुटी कथाही आहे. ती मात्र मालिकेनंतर वाचावी.

या शिफारशीमागे कारण आहे. डिनी यांनी या पात्राला फार वर्षे जवळून हाताळले आहे. बॅटमॅनच्या दूरचित्रवाणीवरील अ‍ॅनिमेशन मालिकेत १९९३ साली ‘झटाना’ नावाचा भाग आला, तोही त्यांनीच लिहिलेला. तरुण ब्रूस वेन झटाराकडे सुटकेची विद्या शिकायला राहिला होता आणि तेथे त्याची झटानाशी मैत्री झाली, हा धागा त्या भागातला, आणि पुढे कॉमिक्सनेही तो उचलला. डिनी यांच्या पत्नी मिस्टी ली या स्वतः रंगमंचावर जादूचे प्रयोग करणाऱ्या कलावंत आहेत. कदाचित त्यामुळेच या मालिकेतला रंगमंच खोटा वाटत नाही. झटाना येथे आधी एक कष्टाळू कलावंत आहे. तिला दौरे आहेत, प्रयोगाच्या वेळा आहेत, आणि प्रेक्षकांसमोर ती जी जादू करते ती हातचलाखी आहे असे प्रेक्षक समजतात. खरी जादू येणारी बाई पोटासाठी खोट्या जादूचे सोंग करते, ही गंमत डिनी कोठेही समजावून सांगत बसत नाहीत, पण ती पानोपानी खेळत राहते.

कथा सॅन फ्रान्सिस्कोत सुरू होते. गुन्हेगारांच्या एका अड्ड्यावर माणसांची जी दशा झाली आहे ती साध्या खुनाची नाही हे पाहून डेल कोल्टन हा पोलीस अधिकारी झटानाला बोलावतो, आणि त्यातून ब्रदर नाइट नावाच्या, जादूच्या जोरावर गुंडगिरी चालवणाऱ्या शत्रूशी तिची गाठ पडते. ब्रदर नाइट तिच्यावर फ्युसेली नावाचा दुःस्वप्नांचा पिशाच्च सोडतो. हेन्री फ्युसेली या चित्रकाराने १७८१ मध्ये झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेल्या भुताचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यावरून हे नाव घेतले आहे, एवढे ठाऊक असले तर त्या अंकाची रंगत वाढते. मालिकेच्या मध्यावर कळसूत्री बाहुल्यांची कथा आहे. झटानाला लहानपणापासून बाहुल्यांची भीती असते. एका खुनी बाहुलीवाल्याला तिच्या बापाने शाप देऊन बाहुली केलेले असते. आणि आता तो सूड म्हणून तिलाच लाकडाची करून टाकतो. संपूर्ण सोळा अंकांतले सर्वांत घट्ट विणलेले लेखन हेच. शेवटच्या काही अंकांचे लेखक बदलले आहेत आणि २०११ मध्ये डीसीने आपल्या सगळ्या मालिका नव्याने सुरू करण्याचे ठरवल्यामुळे मालिका सोळाव्या अंकावर थांबली. त्यामुळे शेवट पुरता बांधलेला नाही. ही उणीव आधीच माहीत असलेली बरी.

पहिले पुस्तक वाचतानाच एक सवय लावून घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक पुस्तकात ती उपयोगी पडते. झटानाची शक्ती जवळजवळ अमर्याद आहे : तिने तोंडाने म्हणावे आणि तसे घडावे. अशा नायिकेची कथा लिहिणाऱ्यापुढे मोठा पेच असतो, कारण पहिल्याच पानावर ती दोन शब्द बोलली तर पुढची एकवीस पाने लिहायचीच कशासाठी? म्हणून प्रत्येक कथेत लेखकाने तिला अडवले कसे, हे पाहावे. आळशी लेखक तिच्या तोंडात बोळा कोंबतो. जुन्या अंकांत हे इतक्यांदा होते की हसू येते, आणि कधी कधी चीडही. डिनी तिला स्वप्नात गाठतात, किंवा तिचे शरीरच लाकडाचे करतात. यापुढे ज्या पुस्तकांची नावे येतील त्यांची प्रतवारी मी याच एका प्रश्नावर केली आहे.

उलटे मंत्र वाचण्याची रीत

नवा वाचक येथे अडखळतो आणि मंत्राचे फुगे सोडून पुढे जातो. तसे करू नये, कारण तिने नेमके काय मागितले यावर पुष्कळदा पुढच्या चौकटीतला विनोद किंवा अनर्थ अवलंबून असतो.

रीत अशी आहे. वाक्यातल्या शब्दांचा क्रम सहसा सरळच असतो. उलटी असतात ती प्रत्येक शब्दाच्या पोटातली अक्षरे. म्हणजे वाक्य डावीकडून उजवीकडे वाचायचे, पण प्रत्येक शब्दाच्या शेपटापासून सुरुवात करून त्याच्या तोंडाशी यायचे. समजा फुग्यात पहिल्या शब्दाची अक्षरे एन, ई, पी, ओ अशी आहेत, दुसऱ्याची ई, एच, टी आणि तिसऱ्याची आर, ओ, ओ, डी. उच्चारायला गेले तर ‘नेपो एट रूड’ असे काहीतरी निरर्थक तोंडातून निघेल. आता प्रत्येक शब्द मागून वाचावा : ओ, पी, ई, एन म्हणजे ‘ओपन’, टी, एच, ई म्हणजे ‘द’, डी, ओ, ओ, आर म्हणजे ‘डोअर’. दार उघडण्याचा हुकूम आहे, आणि पुढच्या चौकटीत दार उघडलेले, निखळलेले किंवा जागचे नाहीसे झालेले दिसेल.

काही खुणा लक्षात ठेवल्या की वेग येतो. ई, एच, टी हा तुकडा ‘द’ आहे हे एकदा डोळ्यांत बसले की तो पुन्हा उलगडावा लागत नाही. इंग्रजी अनेकवचनाचा एस येथे शब्दाच्या आरंभी येतो, त्यामुळे एसने सुरू होणारा शब्द दिसला की ते बहुधा अनेकवचन असते. ‘-इंग’ने संपणारी क्रियापदे जी, एन, आय या अक्षरांनी सुरू होतात. एम, ई या अक्षरांचा ‘मी’ उलटून ई, एम होतो. हा दोन अक्षरी शब्द विशेष पाहावा, कारण ती जादू स्वतःवर करते आहे की समोरच्यावर, ते त्यावरून कळते. ‘नून’सारखा उलटसुलट सारखाच असलेला शब्द मंत्रात आला तर तो तसाच राहतो आणि क्षणभर फसवतो. आरसा धरून वाचण्याची युक्ती मात्र चालत नाही. आरशात अक्षरांचा क्रम सुलटा झाला तरी अक्षरांचे आकार उलटे होतात आणि काम दुप्पट वाढते. मंत्र आधी न उलगडता चौकटीतले चित्र पाहावे, काय घडले याचा अंदाज बांधावा आणि मग शब्दांशी ताळा घ्यावा. पाचसहा अंकांनंतर अंदाजाची गरजही उरत नाही.

मंत्र उच्चारावाच लागतो असे मात्र नाही, आणि या नियमाला दिलेली बगल डिनी यांनीच २००७ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ८३३ व ८३४ या अंकांत फार परिणामकारक रीतीने वापरली. तेथे जोकरच्या गोळीने झटानाचा गळाच निकामी होतो, आणि आवाज गेलेली जादूगारीण स्वतःच्याच रक्ताने उलटी अक्षरे लिहून स्वतःला बरे करते. हे दोन अंक वाचावेतच, पण अजून नव्हे. त्यांच्याआधी काय घडले ते कळल्याशिवाय त्यांतला बॅटमॅन तिच्याशी इतका तुटक का वागतो हे समजत नाही.

मागे वळणे : बापाचा शोध आणि बापाचा मृत्यू

डिनी यांच्या मालिकेत बाप सतत आठवणींतून येतो, त्याच्या घरातल्या वस्तूंतून येतो, पण तो मेला कसा हे नव्या वाचकाला उमगत नाही. म्हणून दुसरे पाऊल मागे टाकायचे.

१९६४ ते १९६७ या काळातल्या कथांचा एकच विषय आहे : हरवलेल्या बापाला मुलगी शोधते आहे. ‘हॉकमन’च्या चौथ्या अंकात ती स्वतःचे दोन भाग करून एकीला आयर्लंडात आणि दुसरीला चीनमध्ये धाडते. त्यानंतर ती ‘द अ‍ॅटम’च्या एकोणिसाव्या अंकात, ‘ग्रीन लँटर्न’च्या बेचाळिसाव्या अंकात आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३५५ व्या अंकात इलाँगेटेड मॅनच्या कथेत येते, आणि ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’च्या एक्कावन्नाव्या अंकात हा शोध संपतो. एका पात्राचा धागा वेगवेगळ्या मासिकांतून असा दोनअडीच वर्षे चालवणे तेव्हा नवलाचे होते. संपादक ज्युलियस श्वार्त्झ यांचा हा खटाटोप होता, आणि त्यांना यात बॅटमॅनही हवा होता. तो तर तिला भेटलाच नव्हता! मग ‘डिटेक्टिव्ह’च्या ३३६ व्या अंकात बॅटमॅनला छळणारी जी चेटकीण होती ती वेषांतर केलेली झटानाच होती, असे मागाहून ठरवून टाकण्यात आले. हे सारे अंक ‘जेएलए : झटानाज सर्च’ या संग्रहात एकत्र आहेत. कथा आज बाळबोध वाटतात, संवाद पाल्हाळिक आहेत, आणि नायिकेला जागोजागी पुरुष नायकाची मदत लागते. पहिला आणि शेवटचा अंक वाचून मधले चाळले तरी चालतील. अँडरसन यांची रेखाटने मात्र सावकाश पाहण्याजोगी आहेत.

बापाचा मृत्यू चाळून चालणार नाही. तो जुलै १९८६ ची तारीख असलेल्या ‘स्वॅम्प थिंग’च्या पन्नासाव्या अंकात आहे, लेखक अ‍ॅलन मूर. जगाच्या मुळावर उठलेल्या एका आदिम अंधाराशी सामना करण्यासाठी जॉन कॉन्स्टंटाइन हा धूर्त मांत्रिक वॉशिंग्टनमधल्या एका घरात काही जादूगारांना टेबलाभोवती हातांत हात गुंफून बसवतो. दूर कोठेतरी चाललेल्या लढाईची धग त्या टेबलापर्यंत येते. आधी सार्गन नावाचा जादूगार बसल्या जागी जळून जातो, पण हात सोडत नाही. मग धग झटानाकडे वळते, तिच्या अंगातून वाफा निघू लागतात, आणि शेजारी बसलेला झटारा ती स्वतःवर ओढून घेतो. मूर यांनी हा प्रसंग फार थोड्या चौकटींत आणि जवळजवळ बोलण्याच्या ओघात उरकला आहे. टेबलावरची माणसे उठू शकत नाहीत, ओरडू शकत नाहीत. आणि जिच्या दोन शब्दांनी काहीही घडू शकते ती बापाचा हात धरून गप्प बसलेली आहे. तिला अडवण्याची इतकी क्रूर तऱ्हा मला दुसरीकडे सापडली नाही. हा अंक ‘स्वॅम्प थिंग’च्या चौथ्या संग्रहाच्या शेवटी आहे. ज्यांना सवड आहे त्यांनी तो संग्रह पूर्ण वाचावा, कारण कॉन्स्टंटाइन या सर्वांना एकेक करून कसा गोळा करत आणतो हे त्यात दिसते. आणि झटानाचे त्याच्याशी जे कडूगोड नाते पुढच्या सगळ्या पुस्तकांत चालते, त्याचा कडवटपणा कोठला हेही कळते. ‘एव्हरीडे मॅजिक’ ही शापात सापडलेल्या कॉन्स्टंटाइनची कथा यानंतर वाचली की तिच्यातल्या थट्टेखालची धार जाणवते.

नावडती पण टाळता न येणारी कथा

दुसरी घटना २००४ च्या ‘आयडेंटिटी क्रायसिस’ या सात अंकी मालिकेत आहे. लेखक ब्रॅड मेल्ट्झर, चित्रकार रॅग्ज मोरालेस. ही कथा मुलांच्या हाती देऊ नये. तिच्यात एका स्त्रीवरचा बलात्कार आणि तिचा खून आहे, आणि त्या स्त्रीचे दुःख पुरुष पात्रांच्या रहस्याला इंधन म्हणून वापरले आहे, हा तिच्यावरचा आक्षेप मलाही योग्य वाटतो. ज्याला ती वाचायची नसेल त्याला झटानापुरता सारांश पुरतो. डॉक्टर लाइट या गुन्हेगाराने हा अत्याचार केल्यावर जस्टिस लीग या नायकांच्या संघाच्या काही सदस्यांनी मतदान करून झटानाकडून त्याची स्मृती पुसवली, आणि त्यापुढे जाऊन त्याचा स्वभावही बदलवला. हे चालू असताना बॅटमॅन तेथे पोहोचला, त्याने विरोध केला, तेव्हा त्याचीही त्या प्रसंगाची स्मृती पुसून टाकण्यात आली.

म्हणजे जी विद्या आजवर कोणाला वाचवण्यासाठी होती, तीच येथे अपराध ठरते. पुढे ‘कॅटवुमन’च्या पन्नासाव्या अंकात असेही उघड होते की कॅटवुमनला सन्मार्गाकडे वळवण्यातही झटानाच्या मंत्राचा हात होता, आणि मग त्या बिचारीला आपला चांगुलपणा आपला आहे की नाही असा प्रश्न पडतो. मेल्ट्झर यांच्या कथेचे मोल माझ्या लेखी एवढेच की तिने झटानाला एक खरा दोष दिला. त्याआधी ती गोड होती, हुशार होती, पण तिच्या हातून काही वाईट घडले नव्हते.

यानंतर वर सांगितलेले ‘डिटेक्टिव्ह’चे दोन अंक वाचावेत. बॅटमॅनचा विश्वास परत मिळवण्याची ती कथा आहे, आणि लहानपणची मैत्री डिनी यांनी तेथे नेमकी कामी आणली आहे.

त्यांच्यानंतर मग ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार रायन सूक यांची २००५ ची चार अंकी ‘झटाना’ घ्यावी. कालक्रमाने ती आधीची असली तरी ती अवघड आहे, आणि आधी दोनतीन पुस्तके वाचलेली असली तरच पचते. तीस अंकांच्या ‘सेव्हन सोल्जर्स’चा ती एक भाग आहे, बाकीचे सव्वीस अंक वाचले नाहीत तरी तिचा आस्वाद घेता येतो, फक्त काही प्रसंग अर्धवट सोडल्यासारखे वाटतील. तिच्या आरंभी झटाना आत्मविश्वास गमावलेल्या नायकनायिकांच्या आधारगटात बसून आपली कर्मकथा सांगत असते : प्रयोग फसला, माणसे मेली, आणि आता जादू येत नाही. लेखकाने तिचे तोंड बांधलेले नाही. तिचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला आहे. मग बापाने मागे ठेवलेल्या ग्रंथांचा शोध, मिस्टी नावाची शिष्या, आणि चौथ्या अंकात झटाना कागदाच्या चौकटीतून वाचकाकडे हात पुढे करते ती विलक्षण जागा. सूक यांची पाने येथे नेहमीच्या चौकोनांत राहत नाहीत, म्हणून फोनच्या पडद्यावर एकेक चौकट दाखवणारी सोय बंद करून संपूर्ण पान पाहावे, नाहीतर निम्मे कौशल्य वाया जाते.

संघातली झटाना

येथवर आलेल्या वाचकाला ‘जस्टिस लीग डार्क’ची दोन पर्वे मोकळी होतात. पहिले पर्व २०११ ते २०१५ चे, चाळीस अंकांचे. पीटर मिलिगन आणि मिकेल हानिन यांनी सुरू केलेले आणि पुढे जेफ लेमायर यांनी चालवलेले. ते चढउताराचे आहे आणि त्यात झटानापेक्षा कॉन्स्टंटाइनचाच वावर अधिक आहे. लेमायर यांच्यापासून सुरुवात केली तरी फार बिघडत नाही.

दुसरे पर्व मात्र पहिल्या अंकापासून वाचावे. २०१८ मध्ये जेम्स टायनियन आणि चित्रकार अल्वारो मार्तिनेस बुएनो यांनी ते सुरू केले. वंडर वुमन, झटाना, स्वॅम्प थिंग, मॅन-बॅट आणि बोलका डिटेक्टिव्ह चिंप असा विचित्र कबिला त्यात आहे. माणसांनी जादू मुळात चोरून आणलेली आहे आणि तिचे मूळ मालक आता वसुलीला आले आहेत, ही त्यातली कल्पना. झटानाला अडवण्याची ही सर्वांत मोठ्या आवाक्याची तऱ्हा म्हणावी लागेल, कारण मंत्र म्हणणे हेच येथे धोक्याचे होऊन बसते, आणि बापाने आपल्यापासून काय काय दडवले हे तिला पायरीपायरीने कळत जाते. एकोणतीस अंकांच्या या पर्वाची उत्तरार्धातली सूत्रे राम व्ही यांच्याकडे आली. ते मूळचे मुंबईचे, आता लंडनमध्ये लिहितात. मृत्यूच्या देवतेला मुंबईत मर्त्य जन्म देणारे ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ हे पुस्तक त्यांचेच. टायनियन यांच्या तुलनेत त्यांचे संवाद कमी आणि सावल्या जास्त आहेत. मला हा बदल आवडला, पण ज्यांना धावती कथा हवी त्यांना वेग मंदावल्यासारखा वाटू शकेल.

घाईत असलेल्यांसाठी आणि मुलांसाठी

ज्याला हा सगळा इतिहास नकोच आहे, फक्त एक चांगले पुस्तक हवे आहे, त्याने २०२४ ची ‘झटाना : ब्रिंग डाउन द हाउस’ घ्यावी. मारिको तामाकी यांचे लेखन आणि हाव्हिएर रोद्रिगेस यांची चित्रे. पाच अंक, प्रौढ वाचकांसाठीच्या ब्लॅक लेबल या मुद्रेखाली. तिला आधीच्या कोणत्याही कथेचे ओझे नाही. लास वेगासमध्ये एक किरकोळ जादूगारीण रोज तेच ते खेळ करते आहे आणि खरी जादू करायला ठाम नकार देते आहे, असा तिचा आरंभ आहे. रंग एवढे बेफाम आहेत की हे एक पुस्तक तरी छापील घ्यावे. डिनी आणि जो किनोन्स यांचे २०१४ चे ‘ब्लॅक कॅनरी अँड झटाना : ब्लडस्पेल’ हेही असेच स्वयंपूर्ण आहे, दोन मैत्रिणींची हसतखेळत चाललेली दरोडा-रहस्यकथा, प्रवासात वाचायला उत्तम. २०२५ ची सहा अंकी ‘झटाना’ जमाल कॅम्पबेल यांनी एकट्याने लिहिली आणि चितारली आहे. तिची पाने देखणी आहेत, पण तिचे लागेबांधे समजायला डिनी यांची मालिका आधी वाचलेली असावी.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना ‘झटाना अँड द हाउस ऑफ सीक्रेट्स’ द्यावे. मॅथ्यू कोडी यांच्या या २०२० च्या पुस्तकात पोकस नावाचा ससा आहे आणि योशी योशितानी यांची चित्रे रंगीत काचेच्या खिडकीसारखी सपाट व स्वच्छ आहेत. त्यापुढच्या वयासाठी २०२२ चे ‘द ज्युएल ऑफ ग्रेव्हसेंड’ आहे, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर घडणारे. उलटे मंत्र उलगडण्याचा खेळ मुले मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, त्यामुळे पुस्तक एकत्र वाचायचे असेल तर मंत्र त्यांच्याकडे सोपवावेत.

खरेदी करताना नाव पाहून थांबू नये. मालिका सुरू झाल्याचे वर्ष, लेखकाचे नाव आणि संग्रहात कोणते अंक आहेत, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डिनी यांच्या मालिकेचे २०११ मध्ये आलेले दोन पातळ संग्रह आणि नंतरचा एक जाड संग्रह, यांत मजकूर बराचसा तोच आहे, आणि दोन्ही घेऊन बसलेले वाचक भेटतात. जुने अंक शोधताना मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीच्या महिन्यापेक्षा पुढचा असतो हे ध्यानात ठेवावे; अमेरिकी मासिकांची ही जुनी चाल आहे, आणि तिच्यामुळेच एकाच अंकाची तारीख दोन याद्यांत दोन वेगवेगळी सापडते. परदेशातून येणाऱ्या छापील प्रतीची किंमत वरखाली होत असते, म्हणून एखादा संग्रह आवाक्याबाहेर गेला तर त्याच्या डिजिटल आवृत्तीचे सुटे अंक किंडलवर पाहावेत; ‘डिटेक्टिव्ह’चे ते दोन अंक तर सुटे घेणेच परवडते, कारण त्यांच्यासाठी बॅटमॅनचा अख्खा संग्रह विकत घेण्याचे कारण नाही.